शेक म्हणजे हात टेकणं नव्हे

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही’ असं लिहून मी बायकांची दिशाभूल करते, असं तुमचं म्हणणं. तुमच्या मावशींचा आजार दुसऱ्या टप्प्याचा ‘बी’. पिशवी न काढता डॉक्टरांनी शेक, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन) सुरू केला, म्हणजे त्यांनी आशा सोडली, असं तुम्हाला वाटतं. तुमची तगमग समजते, पण हे मला मान्य नाही.

मी सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. या ऑपरेशनात नुसती पिशवी काढून भागत नाही. तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा मऊ भाग, योनीचा वरचा तुकडा, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी, सगळं काढावं लागतं. मूत्रनळी नेमकी त्या मऊ भागातूनच जाते. चिमटा हलकेच लागला की ती अळीसारखी वळवळते, त्यावरून सर्जन ती ओळखतात आणि जिवापाड जपून मोकळी करतात. व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये हे ऑपरेशन सुरू केलं, तेव्हा सुरुवातीच्या जवळपास एक तृतीयांश बायका त्यातच दगावल्या. तरी बायका टेबलावर चढत, कारण दुसरा उपायच नव्हता. रेडियमचा उपचार नंतर आला.

‘टू बी’ म्हणजे आजार त्या मऊ भागात शिरलेला. तिथे कापूनही मागे काही उरण्याची भीती असते. मग शेक द्यावा लागतोच, आणि पायांची सूज, लघवी-शौचाच्या तक्रारी असा दोन्हींचा त्रास एकाच बाईला. टाटा हॉस्पिटलनं हे सहाशेहून अधिक बायकांमध्ये तपासलं. काहींना आधी केमो आणि मग ऑपरेशन, बाकीच्यांना शेक आणि सोबत केमो. २०१८ च्या निष्कर्षात पाच वर्षं आजाराविना राहिलेल्या बायका पहिल्या गटात ६९.३ टक्के, शेकाच्या गटात ७६.७. एकूण जगण्यात फरक नव्हता.

गाठ लहान आणि मुखापुरतीच असेल तर ऑपरेशन उत्तमच. तिथेही दोन सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठीला साधं पिशवीचं ऑपरेशन पुरतं, असं २०२४ मध्ये दिसून आलं.

मावशींचं एकच सांभाळा. बाहेरून शेक घेता घेता रक्त थांबतं, बरं वाटू लागतं, आणि कित्येक जणी आतला शेक, म्हणजे योनीमार्गातून गाठीजवळ दिले जाणारे किरण, न घेताच गावी निघून जातात. तसं होऊ देऊ नका. सगळे उपचार आठ आठवड्यांत पुरे व्हायला हवेत. तारखा आजच विचारून घ्या.