रुईवरच्या माव्यासाठी कडुनिंब फवारू नका

फुलपाखरांसाठी रुई किंवा हळदीकुंकू (मिल्कवीड) लावणाऱ्यांना एक संदेश सारखा येतोय: ‘झाडावर पिवळे किडे दिसले की लगेच कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी फवारा. नैसर्गिक आहे, अळ्यांना काही होत नाही. हे किडे फुलपाखरांची अंडी खातात. लेडीबग आणून सोडलेत तर उत्तमच. आणि रोप नर्सरीतूनच घ्या, एकही डाग नसलेलं.’ हेतू चांगला असेल, पण हे ऐकलंत तर अळ्या मरतील.

कडुनिंबापासून सुरुवात करू. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्यांच्या कात टाकण्यातच बिघाड करतं. फुलपाखरू प्लेन टायगर असो किंवा मोनार्क, त्याची अळी चार वेळा कात टाकून मोठी होते आणि पाचव्यांदा कोष करते. मावा, म्हणजे ते पिवळे किडे, सोंड खुपसून नुसता रस पितो, अळी मात्र फवारलेलं पान कडेपासून कुरतडत अख्खं संपवते. मग विष जास्त कुणाच्या पोटात गेलं? ते द्रव्य काढून टाकलेलं तेल वापरलं तरी तेलाचा थर अंड्यांना आणि लहान अळ्यांना गुदमरवतोच. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हे इथे मुळीच लागू नाही.

साबणाचं पाणी ज्या मऊ किड्याच्या अंगावर पडतं त्याला मारतं. त्याला मावा आणि नुकती अंड्यातून निघालेली अळी सारखीच. ‘अळ्या नसताना फवारू’ म्हणाल, तर आधी अंडी शोधा. टाचणीच्या डोक्याएवढं, फिकट, उभट अंडं, त्यावर बारीक उभ्या रेघा, बहुधा कोवळ्या पानाच्या खालच्या अंगाला एकेकटं चिकटवलेलं. भिंग लावल्याशिवाय मला ते चिकाच्या वाळलेल्या थेंबापासून वेगळं ओळखता येत नाही.

मावा अंडी खातो हे तर साफ खोटं. त्याची सोंड रस ओढण्यापुरतीच असते. तो फार माजला तर शेंडे आकसतात, चिकट स्रावावर काजळी धरते, हे खरं. पण जोमदार झाड थोडा मावा सहज सोसतं. या पिवळ्या माव्यात सगळ्या माद्याच. नराशिवाय त्या थेट पिल्लं देतात, म्हणून चार उरल्या तरी आठवड्यात शेंडा पुन्हा पिवळा होतो. एकदाच्या फवारणीने तो संपतच नाही. त्यापेक्षा दर दोन-तीन दिवसांनी अंडी-अळ्या पाहून, त्या सांभाळत, शेंडा बोटांनी पुसून घ्या किंवा पाण्याच्या धारेने धुवा. हातमोजे घाला, हा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. नत्राचं खतही आवरा, रसाळ कोवळ्या फुटीवर मावा जास्त वाढतो.

लेडीबग म्हणजे ढालकिडे. ते मावा खातात, पण फुलपाखराची अंडी आणि लहान अळ्याही सोडत नाहीत. आपणहून आले तर येऊ द्यावेत, विकत आणून सोडू नयेत.

आणि ते बिनडागाचं रोप? मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. आंतरप्रवाही कीटकनाशक दिलेलं असेल तर ते पानापानांत भिनलेलं असतं आणि वरून कितीही धुतलं तरी निघत नाही. विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं नाही तर बियांपासून रोप करा. पानाला भोकं पडली म्हणजे अळी जेवते आहे. झाड त्यासाठीच तर लावलंय.

मावा पुसताना मधेच एखादा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कोरडा मावा दिसेल. तो तसाच राहू द्या. त्याच्या आत एका इवल्याशा परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. काही दिवसांनी पाठीला गोल भोक पाडून ती बाहेर पडते आणि शेजारच्या माव्यात अंडी घालायला लागते.