एस्पोसितो आडनावाची पोरं 'टाकलेली' नव्हती

ब्रेकिंग बॅड या अमेरिकन मालिकेतला थंड डोक्याचा गस फ्रिंग आठवतोय ना, तो करणारा जानकार्लो एस्पोसितो, त्याचे वडील इटलीतल्या नेपल्सचे. कॅनडाचे फिल आणि टोनी एस्पोसितो हे आइस हॉकीतले दोघे भाऊ, त्यातल्या फिलने 1970-71 च्या एका सीझनमध्ये 76 गोल मारले. 1889 मध्ये इटलीच्या राणी मार्गेरितासाठी पिझ्झा बनवला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो राफाएलेही एस्पोसितोच. नेपल्समध्ये हे आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं गल्लोगल्ली सापडतं.

आणि मूळ अर्थ काय, तर बाहेर ठेवलेलं मूल. नेपल्सच्या अनुन्झियाता चर्चच्या अनाथालयाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी चाक होतं, बाहेरून बाळ त्यात ठेवायचं, चाक फिरवायचं, बाळ आत, आणि ठेवणारं कोण होतं ते आतल्यांना दिसायचंच नाही. मग बाळाच्या गळ्यात शिशाचा बिल्ला, रजिस्टरमध्ये नोंद, आडनावाच्या जागी एस्पोसितो. हे चाक 1875 मध्ये बंद झालं.

लोक सरसकट बोलतात की आईबापांनी टाकून दिलेली पोरं, मला हे अजिबात पटत नाही. फ्लॉरेन्सला असंच इनोचेंती नावाचं अनाथालय 1445 मध्ये सुरू झालं, तिथल्या म्युझियममध्ये बाळांसोबत आलेल्या वस्तू ठेवल्यात, त्यात अर्धी कापलेली नाणी आणि पदकं आहेत. एक अर्धं बाळापाशी, दुसरं आईपाशी, म्हणजे पुढेमागे न्यायला आली तर दोन तुकडे जुळवून ओळख पटावी. पोर टाकूनच द्यायचं असतं तर कुणी नाणं कापत बसलं असतं का? गरिबी होती, लग्नाआधीचं मूल म्हणून बदनामीची भीती होती, पोटची माया काही आटली नव्हती.

मला राग येतो तो त्या रजिस्टरचा. बाळ वाचवलं हे मोठंच काम, पण ते अनाथ आहे हे आडनावातच लिहून ठेवलं, म्हणजे त्याची नातवंडंपतवंडंसुद्धा सही करताना तेच सांगत बसणार! फ्लॉरेन्सला इनोचेंती, रोमला प्रोइएत्ती म्हणजे 'टाकलेले', मिलानला अनाथालयाच्या चिन्हातल्या कबुतरावरून कोलोंबो, सगळीकडे तोच प्रकार. शेवटी नेपोलियनचा मेव्हणा म्युरा नेपल्सचा राजा असताना एस्पोसितो आडनाव द्यायला बंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. ज्यांना ते आधीच लागलं होतं त्यातल्या कितीतरी घरांनी मात्र ते तसंच चालवलं, आणि मला त्या घरांचं फार कौतुक वाटतं.

नेपल्सला कुणी जाणार असाल तर पिझ्झा खाऊन झाल्यावर फोर्चेल्ला भागात अनुन्झियाताला नक्की जा, ते चाक अजून बघायला मिळतं.