बरणीतला मासा दहा मिनिटं जगला, बरं मग?

रविवारी सकाळी निपाणीहून मामांचा फोन. "व्हिडिओ बघितलीस का? मेला न्हाई की मासा! आता काय म्हणतीस?" फवारणीवरून मी त्यांच्याशी कायम वाद घालते, त्यामुळे आवाजात जिंकल्याचा आनंद होता.

व्हिडिओ दीड मिनिटाचा. काचेच्या बरणीत बोटाएवढा मासा, वरून फवारणीच्या औषधाचे दोन थेंब, आणि एक गृहस्थ सांगतायत की दहा मिनिटं झाली, मासा मजेत पोहतोय, म्हणजे औषध बिनविषारी. पंप खुशाल विहिरीवर नाहीतर ओढ्यात धुवा. मासा जगतो ते पाणी माणसालाही चालतं. आणि शेवटी हुकमाचा एक्का: परदेशातल्या प्रयोगशाळाही हेच करतात.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण त्यात थोडं खरं आहे आणि ते नाइलाजानं मान्य करावं लागतंय. माशांवर औषधं तपासतात, होय. त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०३ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. १९९२ ची आवृत्ती बरीच वर्षं चालली, २०१९ मध्ये ती सुधारली. पण ती चाचणी दहा मिनिटांची नाही, ९६ तासांची आहे. चार दिवस आणि चार रात्री. नुसत्या पाण्याची एक टाकी, औषधाच्या चढत्या मात्रेच्या निदान पाच, आणि प्रत्येकीत किमान सात मासे. नुसत्या पाण्यातले दहा टक्क्यांहून जास्त मासे मेले तर अख्खी चाचणी रद्द. पाण्यात प्राणवायू किती, तापमान किती, सामू (पीएच) किती, सगळं मोजायचं. शेवटी निघतो तो एक आकडा: किती मात्रेला निम्मे मासे मरतात. 'मेला' किंवा 'जगला' असा निकाल तिथं नसतोच.

आता ती बरणी बघा. मासा एक. औषध कुठलं ते कळत नाही, लेबलावर अंगठा आहे. पाणी किती, थेंब केवढा, देव जाणे. आणि दुसरी बरणी, नुसत्या पाण्याची, ती कुठाय?

एमएस्सीला असताना अशी एक चाचणी माझ्या वाट्याला आली होती. पहिल्या २४ तासांत एकही मासा मेला नाही. मी खूश होऊन वहीत तसं लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मधल्या टाकीत सातातले चार उलटे तरंगत होते. पहिल्या दिवशी व्हिडिओ काढला असता तर माझंही औषध बिनविषारीच ठरलं असतं.

पण मला खरा राग आला तो 'मजेत' या शब्दाचा. व्हिडिओ थांबवून थांबवून बघा. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतोय, एका कुशीवर कलतोय, मग एकदम झटका देऊन काचेवर आदळतोय. चाचणीत नुसते मेलेले मासे मोजत नाहीत, ही लक्षणंही नोंदवायची असतात: तोल जाणं, वर येऊन श्वास ओढणं, वेडंवाकडं पोहणं. पायरेथ्रॉइड या गटातली कीटकनाशकं मज्जातंतूंवर काम करतात, मासा असाच भेलकांडतो. त्या बरणीत औषधामुळं होतंय की प्राणवायू संपल्यामुळं, हे सांगता येणार नाही. सांगायला दुसरी बरणी लागते. पण मजा नव्हे ती. माणूस असा लटपटायला लागला तर आपण त्याला दवाखान्यात नेतो, टाळ्या वाजवत नाही.

आता पंप ओढ्यात धुण्याचं बघू. ऊस-भाजीवाल्यांच्या घरात हमखास असणारं सायपरमेथ्रिन घ्या, त्याच पायरेथ्रॉइड गटातलं, दहा टक्क्यांचं. लिटरला एक मिली टाकलं तर लिटरभर पाण्यात शंभर मिलिग्रॅम विष. पंपाच्या तळाशी शंभर मिली द्रावण उरलं, म्हणजे पेलाभरही नाही, तर त्यात दहा मिलिग्रॅम. बऱ्याच माशांच्या बाबतीत या औषधाचा ९६ तासांचा आकडा लिटरमागे जेमतेम काही मायक्रोग्रॅम आहे. ते दहा मिलिग्रॅम लिटरमागे एका मायक्रोग्रॅमवर आणायचे तर दहा हजार लिटर पाणी लागतं. पाच हजारांचे दोन टँकर, एका पेल्यासाठी! गाळाला चिकटून त्याचा जोर कमी होतो हे खरं, पण उन्हाळ्यात ओढ्याला घोटाभर पाणी असताना त्या हिशेबावर कोण विसंबणार?

बाटलीवरचा त्रिकोण हिरवा आहे, म्हणजे सगळ्यात कमी विषारी, असंही कोणीतरी व्हिडिओखाली लिहिलंय. तो त्रिकोण सस्तन प्राण्यांच्या पोटात गेल्यावर किंवा कातडीला लागल्यावर किती घातक, यावरून ठरतो. माशाचा त्याच्याशी संबंध नाही. उलट बाजूही तशीच: इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक माशांना त्या मानानं सौम्य, मधमाश्यांना जहाल. मासा वाचला म्हणजे सगळे वाचले, असं नसतं.

पिण्याच्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही. गावतळ्यात म्हशी डुंबतात आणि मासेही असतात. मामा, तुम्ही ते पाणी पिता का?

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. पलीकडं बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "ते असू दे. पंप मग धुवायचा कुठं?"

मी सांगितलं: पंपात थोडं पाणी घालायचं, हलवायचं, आणि ज्या पिकाला औषध मारलंय त्याच पिकावर ते फवारून टाकायचं. असं तीनदा. रिकामी बाटलीही तशीच विसळायची, ते पाणी फवारणीच्या पंपातच घालायचं. विहिरीच्या कट्ट्यावर पंप न्यायचाच नाही. त्यांच्या मळ्यात विहीर उताराच्या टोकाला आहे आणि पंप धुवायचा दगड तिच्यापासून दहा पावलांवर, वरच्या अंगाला. लहानपणापासून मी तिथंच बघत आलेय तो.

"दगड हलवायला दोन माणसं लागतील," मामा म्हणाले.