हिरव्या रंगाला भिणारा आयरिश पुढारी

वकिलांचा मुलगा डब्लिनला शिकतो. त्यानं पाठवलेल्या फोटोवरून कालचा सगळा गोंधळ झाला. उंच दगडी खांब, त्याच्या पायथ्याशी ओव्हरकोटातला दाढीवाला माणूस, एक हात लांब केलेला.

बंड्या म्हणाला, "हा रिक्षा थांबवतोय का?"

"चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल," मास्तर म्हणाले. त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवलाय, त्यामुळं चहा येईपर्यंत कुणाची सुटका नव्हती. जन्म १८४६, विकलो परगण्यातलं अ‍ॅव्हनडेल. घराणं जमीनदारांचं आणि धर्मानं प्रोटेस्टंट. आई अमेरिकन. केंब्रिजला गेला, पण पदवी न घेताच परतला. भाषण करताना अडखळायचा. आणि हाच माणूस कॅथलिक कुळांचा पुढारी झाला.

"वर हिरव्या रंगाला घाबरायचा," वकिलांनी भर घातली. "अपशकुनी मानायचा. हिरवा म्हणजे आयर्लंडचाच रंग, आणि त्यांच्याच पुढाऱ्यानं!"

बंड्याला हे फारच आवडलं. पण ज्योतीनं विचारलं की त्यानं केलं काय ते सांगा, आणि मास्तर खुलले.

१८७५ साली तो मीथमधून निवडून आला. ब्रिटिश संसदेत आयरिश खासदारांना कोण विचारत होतं? मग यानं आणि जोसेफ बिगर नावाच्या सहकाऱ्यानं बोलत राहण्याचा सपाटा लावला. प्रत्येक विधेयकावर, प्रत्येक कलमावर. १८८१ मध्ये दडपशाहीच्या विधेयकावरची बैठक ४१ तास चालली, शेवटी सभापतींनीच ती बंद पाडली. बाहेर लँड लीग, म्हणजे कुळांची संघटना, होतीच. मूळ कल्पना मायकेल डेव्हिटची, अध्यक्ष पार्नेल. १८८० च्या सप्टेंबरात एनिसच्या सभेत त्यानं विचारलं, शेजाऱ्याला हुसकावून रिकामी केलेली जमीन जो खंडानं घेईल, त्याचं काय करायचं? गर्दीतून कुणीतरी ओरडलं, गोळी घाला! हा म्हणाला, त्याहून चांगला, ख्रिस्ती धर्माला शोभेल असा उपाय आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, चर्चमध्ये त्याच्याशी बोलूच नका.

"म्हणजे वाळीत टाका," ज्योती म्हणाली. "यात कसलं कौतुक? आपल्याकडं गावोगाव हेच होतं. त्याविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला."

मास्तर जरा गडबडले. जमीनदाराचा कारभारी वेगळा आणि जातपंचायतीनं पाणी तोडलेलं कुटुंब वेगळं, असं त्यांचं म्हणणं. ज्योतीचं म्हणणं, जमीन घेणारा भुकेला शेजारीही वाळीतच गेला, तो काही जमीनदार नव्हता. मला तिचं पटलं. मास्तरांनी मग कॅप्टन बॉयकॉटची गोष्ट काढली, कारण ती त्यांच्या बाजूची होती. मेयोमधला लॉर्ड अर्नचा हा कारभारी. गडी, धोबी, दुकानदार, सगळ्यांनी त्याला तोडलं. पीक काढायला उत्तरेकडून ५० माणसं आणली, त्यांच्या संरक्षणाला शेकडो सैनिक. पिकाच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च झाला आणि इंग्रजी भाषेला एक शब्द मिळाला. तोच शब्द १९०५ नंतर स्वदेशीच्या सभांतून आपल्याकडंही गाजला.

खरं भांडण पुढंच होतं. १८८५ च्या निवडणुकीनंतर ८६ खासदार याच्या मुठीत. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टननं होमरूलचं, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक आणलं, ते ३० मतांनी पडलं. मग एका मोठ्या वृत्तपत्रानं पार्नेलच्या नावची पत्रं छापून त्याला खुनांशी जोडलं. ती पिगॉट नावाच्या माणसानं बनवली होती, हे चौकशीत स्पेलिंगच्या चुकीवरून उघड झालं. १८८९ च्या मार्चमध्ये संसदेत लोक उभे राहून पार्नेलचं स्वागत करत होते. आणि त्याच डिसेंबरात कॅप्टन ओशेनं बायको कॅथरीनविरुद्ध घटस्फोटाचा अर्ज टाकला, त्यात तिचा प्रियकर म्हणून प्रतिवादी पार्नेल.

"नवऱ्याला दहा वर्षं माहीत नव्हतं?" बंड्या.

"न कळायला काय झालं? कॅथरीनची श्रीमंत मावशी जिवंत होती, तिचा वारसा मिळेपर्यंत गप्प बसला," ज्योती म्हणाली. "आणि सगळे तिला किटी म्हणतात, ती त्या काळची शिवी होती. तिच्या माणसांनी तिला कधी त्या नावानं हाक मारली नाही. निकालात पार्नेलपासून झालेल्या मुलींचा ताबासुद्धा ओशेला मिळाला."

वकील म्हणाले, खासगी आयुष्याशी आपल्याला कर्तव्य नाही, पण तेव्हा पार्नेल चार-सहा महिने पुढारीपणातून बाजूला झाला असता तर काय बिघडलं असतं? ग्लॅडस्टनची मतं चर्चवाल्यांची, तो अडचणीत आला. मास्तर उसळले. "ग्लॅडस्टनचे निरोप याच बाईंच्या हातून जायचे! तेव्हा नीती कुठं होती?"

"ढोंग होतं, मान्य. पण पक्ष कुणाचा?" वकिलांनी विचारलं. १८९० च्या डिसेंबरात संसदेतल्या पंधरा नंबरच्या खोलीत, यानं पुढारी राहावं का यावर, दिवसच्या दिवस वाद चालला. त्याच्याच पक्षातल्या टिम हिलीनं पक्षाची मालकीण कोण म्हणून विचारलं. शेवटी ४० हून अधिक खासदार उपनेता मॅकार्थीच्या मागं उठून गेले. फूट १९०० पर्यंत भरली नाही. "मी म्हणजेच पक्ष, असं त्याला वाटायला लागलं होतं. फोटोतल्या रस्त्याच्याच दुसऱ्या टोकाला त्याच्या आधीच्या पिढीतला आयरिश पुढारी डॅनियल ओकॉनेलचा पुतळा आहे. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत ओकॉनेलचंच वाक्य घेतलं. इभ्रत, शील आणि स्वातंत्र्य देऊन कुणाशी कृतज्ञ राहता येत नाही."

मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी शेवटचं वर्ष सांगितलं. डोळ्यांत चुना फेकला गेला, तरी ब्रायटनहून पुन्हा पुन्हा आयर्लंडला प्रचाराला. जूनमध्ये कॅथरीनशी लग्न. सप्टेंबरात क्रेग्ज गावी भर पावसात उघड्या डोक्यानं भाषण, आणि ६ ऑक्टोबर १८९१ ला मृत्यू. वय ४५.

माझं मत वकिलांकडंच होतं, आजही आहे. पण पावसातल्या त्या सभेवर वकीलही काही बोलले नाहीत.

"आणि त्या बॉयकॉटचं काय झालं?" बंड्यानं पैसे देता देता विचारलं.

"इंग्लंडात सफोकला पुन्हा कारभारीच झाला," मास्तर म्हणाले. "सुटीला मात्र आयर्लंडलाच जायचा."