‘आधी स्वतःवर प्रेम करा’ ही येशूची आज्ञा नाही

“शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, असं येशू म्हणाला, म्हणजे आधी स्वतःवर प्रेम करा, मग इतरांवर,” असा संदेश चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरतोय. खुलासा करावासा वाटतो, कारण त्याच्या आधाराने ‘सध्या मी माझंच बघतोय’ असं म्हणणारी माणसं भेटू लागली आहेत.

बायबलमधलं मत्तय २२:३७-४० उघडून पाहा. येशू तिथे दोनच आज्ञा सांगतो: देवावर प्रीती, शेजाऱ्यावर प्रीती. तिसरी नाहीच. ‘आपल्यासारखी’ हे माप आहे. भूक लागली की आपण स्वतःला जेवू घालतोच, ते कुणी शिकवावं लागत नाही. तेवढीच काळजी दुसऱ्याची घ्या, एवढंच तो म्हणतो.

शेजाऱ्यावर प्रीतीची ही आज्ञा मूळची जुन्या करारातल्या लेवीय १९:१८ मधली. त्याच अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, मळ्यात गळालेली द्राक्षं गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका, असं सांगितलंय. प्रीती म्हणजे काय, ते इतकं रोखठोक आहे!

विश्रांती घेणं हा स्वार्थ नव्हे, हेही तितकंच खरं. दमलेल्या शिष्यांना येशूनेच ‘थोडा विसावा घ्या’ म्हटलं (मार्क ६:३१). आजाऱ्याची सेवा करून थकलेल्या बहिणींनी अपराधी वाटून घेऊ नये.

पण ‘माझा शेजारी कोण?’ असं विचारणाऱ्याला येशूने शोमरोन्याची, म्हणजे शोमरोन प्रांतातल्या एका परक्या माणसाची गोष्ट सांगितली. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक जखमी माणूस या शोमरोन्याला दिसला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत दोन नाणी दिली; आणि जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असंही सांगून गेला.