म्हणे शिक्षा म्हणून कराटे बंद!
सिडकोतल्या आमच्या क्लासमधून परवा पुन्हा एक पोरगं गायब. फोन केला तर आई म्हणते, "सर, गणितात मार्क कमी पडले, महिनाभर कराटे बंद." अहो ताई, मोबाईल काढून घ्या की! हेइआन शोदान काता, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायचा हालचालींचा संच, त्यातल्या २१ हालचाली त्याला आत्ता कुठे बसल्या होत्या. वळताना टाच उचलायची खोड दोन महिने घासून घालवली. आता परत येईल तेव्हा खोड हजर, पिवळ्या पट्ट्याची परीक्षा हुकलेली. शिक्षा म्हणून ट्यूशन बंद करतं का कुणी? आणि शिस्त लागावी म्हणून जूनमध्ये याच बाईंनी त्याला हाताला धरून आणलं होतं. फी मात्र पुढच्या महिन्यात वळती करा म्हणाल्या.