फ्लॅट विकण्याआधी दरमहाचा हिशोब मांडा

वृद्धांच्या राहण्याविषयीच्या एका लेखात सरळ सल्ला दिलाय: आईवडिलांचा फ्लॅट विका आणि चांगल्या वृद्धनिवासात जागा घ्या. एवढी घाई कशाला? मावशीसाठी पुण्याच्या आसपास जागा पाहताना माहितीपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष बिल यांत बरंच अंतर दिसलं. डायपर, फिजिओथेरपी, रात्रीची आया, दवाखान्यात सोबतीला माणूस, सगळं वेगळं. एखाद्या रहिवाशाचं गेल्या महिन्याचं बिल नाव झाकून दाखवा म्हणायचं. टाळाटाळ झाली की काय ते कळतं.

आता फ्लॅट विकून येणाऱ्या पैशांचं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखच ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिना साडेवीस हजार, तेही करपात्र. हे व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, निवासाचं शुल्क थोडंच थांबणार आहे! आयुष्मान भारतचं सत्तरीपुढचं कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाचं, रोजच्या शुश्रूषेला नाही. म्हणून फ्लॅट आधी भाड्याने देऊन बघावा. मावशी निवासात रमली नाही तर परतायला घर तरी राहतं.

घर मुलांच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट घाला. मुलांनी सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, ते ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यातल्या कलम २३ मुळे, आणि ते कलम त्या अटीवरच उभं आहे.

आणि हो, स्मृतिभ्रंश वाढला किंवा अंथरूण धरलं तर ठेवून घेणार की 'घेऊन जा' म्हणणार, हे करारात लेखी मागा. डिपॉझिट किती दिवसांत परत, तेही.